उणे चारशे अंशांचा बांगडा

एकाच प्रयोगशाळेत दहा वर्षं काढली की कपाटांत जुनी उपकरणं साठतात, तसेच किस्सेही साठतात, आणि दोन्ही टाकवत नाहीत. आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजातले निम्मे किस्से काणेकर सरांच्या पीएचडीचे. ते भौतिकशास्त्राचे, मी गणिताचा. विषय असा: बर्फ घातलेल्या पेटीत बाहेरची उष्णता हळूहळू शिरते, तर कुठल्या वेळी मासा किती गरम, हे कॉम्प्युटरने अचूक सांगायचं. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. तिसरी मिळणार नव्हती.

*

पहिला प्रोग्राम चालला अठ्ठ्याण्णव साली. कॉम्प्युटर वेळेच्या छोट्या पायऱ्या घेत पुढे जातो. सरांनी घाईत एकेक पायरी तासाची धरली. आकडे वरखाली उड्या मारू लागले आणि संध्याकाळी बांगडा उणे चारशे अंशांवर जाऊन बसला. निसर्गात उणे दोनशे त्र्याहत्तरच्या खाली कुणालाच जाता येत नाही. सर जाऊन आले!

आमचे लॅब अटेंडंट सावंतमामा पडद्याकडे बघत म्हणाले, "सर, एवढा थंड मिरकरवाड्याच्या बंदरावर कोनी घेनार नाय."

*

मग पायरी केली सेकंदाची. उत्तरं शहाण्यासारखी यायला लागली, पण गणित दिवसभर चाले आणि दुपारी हटकून लाइट जाई. मामांनी उपाय काढला. दर तासाला पेटीतल्या एकवीस जागांच्या तापमानाचे पडद्यावरचे आकडे वहीत उतरवून ठेवायचे, म्हणजे लाइट आल्यावर तिथूनच सुरुवात. आठवडा झकास गेला आणि मग उत्तरं बिघडली. सरांनी वही मागवली, तर मामांनी दशांशचिन्हापुढचं सगळं गाळून टाकलेलं.

"येवढं कशाला लिवायचं?" मामा म्हणाले. "मासाच तर आहे."

*

पुढे मुंबईच्या गाइडनी नवी रीत सुचवली. आत्ताचं तापमान आणि पुढच्या क्षणाचं तापमान, दोन्हींची सरासरी धरून सरकायचं. पायरी मोठी, तरी अचूकता जास्त. सर खूश होऊन घरी वहिनींना हे समजावत बसले. वहिनींनी पोह्यांची बशी पुढे करत विचारलं, की जे अजून झालंच नाही ते धरून कसं चालता? सर म्हणाले, शेवटी जमतं बरोबर.

"माहितेय," वहिनी म्हणाल्या. "लग्न ठरवताना तुमची नोकरी पर्मनंट झाली असं माझ्या बाबांना सांगितलंत, तेव्हाही धरूनच चालला होतात."

*

आता खऱ्या माशावर पडताळा घ्यायचा होता. मिरकरवाड्याच्या हमीदभाईंचे दोन ट्रॉलर. त्यांनी धक्क्यावर एक थर्मोकोलची पेटी दिली. दर बुधवारी सकाळी सर मोजून बर्फ आणि बांगडे भरत, आपोआप नोंद करणारा थर्मामीटर आत ठेवत, झाकण लावून कॉलेजात येत. संध्याकाळी बघावं तर मासा गणितापेक्षा थंड! पाच बुधवार तेच. मुदतीला दहा दिवस उरले. सरांचा डबा तसाच परत जायला लागला, आणि मला खरंच वाईट वाटत होतं.

सर पायरी अर्धी करत, पुन्हा अर्धी करत. फरक तसूभर हलेना. त्या शुक्रवारी ते स्टाफरूममध्ये एकदम उभे राहिले. म्हणाले, चूक रीतीची असती तर पायरीबरोबर कमी झाली असती. ही चूक माझी नाहीच! त्यांनी थर्मामीटरच्या नोंदींवरून गणित उलटीकडून मांडलं, म्हणजे जादा थंडी कधी आणि किती शिरली ते काढलं, आणि तासाभरात मला स्कूटरवर बसवून धक्क्यावर नेलं.

"हमीदभाई," सरांनी विचारलं, "परवा सव्वाअकराच्या सुमारास पेटीत दीड किलो बर्फ टाकलात?"

हमीदभाईंच्या हातातलं जाळं गळालं. तेव्हा तर जवळपास कोणी नव्हतं, मग कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं.

"गणिताने."

हमीदभाईंनी जाळं उचललं. मग म्हणाले, "दर बुधवारी टाकतो सर. तुमी भरवशानं ठेवून जाता. माज्या धक्क्यावर मास्तरांचा मासा नासला, तर मी तोंड कुठं दाखवू?"

सरांनी त्यांना तसंच, खवल्यांसकट मिठीत घेतलं. थीसिस वेळेत गेला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी आलेखावरच्या सव्वाअकराच्या खड्ड्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, एवढी थंडी इथे कुठून आली?

सर म्हणाले, "हमीदभाईंकडून."