दोन साडू, तीन तारा

भाऊ वाटणीपुरता भांडतो, शेजारी बांधापुरता. साडूशी भांडायला मुळात काही कारणच नसतं, म्हणून ते भांडण कधी संपत नाही.

कर्जतात आम्ही दोघं साडू भिंतीला भिंत लावून राहायचो. हा बेत आमचा नव्हता. दोघी सख्ख्या बहिणी, एकमेकींवाचून करमत नाही म्हणून त्यांनी शेजारशेजारची घरं बघितली आणि आम्हाला आपापल्या सामानाबरोबर आत नेऊन ठेवलं. मागच्या पडवीत दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीला एक खिडकी होती. तिच्यातून दिवसभर आमटीच्या वाट्या इकडून तिकडे जायच्या. रिकामी वाटी परत करायची नाही हा दोघींचा नेम, त्यामुळे एकदा सुरू झालेली वाटी थांबतच नसे.

आता माझं दुखणं सांगतो. वयाने मी साडूपेक्षा मोठा. पण त्याची बायको थोरली, माझी धाकटी. म्हणून तो थोरला जावई. सणासुदीला सासऱ्यांकडे पहिला पाट त्याचा. त्याच्या ताटाभोवती महिरप, माझ्या ताटाभोवती रांगोळीची उरलेली चिमूट. सासरे, म्हणजे नाना, दारात उभे राहून त्याला म्हणायचे, "या, या जावईबापू!" मग त्याच्या खांद्यावरून मी दिसलो की, "अं, तुम्ही पण या."

नाना निवृत्त हेडमास्तर. कर्जत आणि खालापूर, दोन्ही तालुक्यांतली निम्मी माणसं त्यांच्या छडीखालून गेलेली. शाबासकी ते जपून वापरत. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या वाट्याला एकही आलेली नव्हती. साडूला आल्या होत्या का? ते मी कधी विचारलं नाही, पण त्याच्या चालण्यावरून आल्या असाव्यात असं वाटे.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा मी घरी काँप्युटर आणला. कडावच्या भातगिरण्या, चौक गावचे गॅरेजवाले, यांचे हिशेब बघायचा माझा धंदा. काँप्युटरची गरज होती असं मी सगळ्यांना सांगायचो. खरी गरज अशी की साडूकडे तो नव्हता. आळीतली माणसं चपला काढून बघायला यायची. नानाही आले. पडद्याकडे हात मागे बांधून बघत राहिले.

"गणित बरोबर सोडवतं?"

"अगदी बरोबर, नाना."

"पायऱ्या दाखवतं?"

"नाही. एकदम उत्तर."

"मग अर्धे मार्क," म्हणाले आणि चहा न घेता गेले.

तरी ते आठ-दहा महिने मी सुखात होतो. मग साडूच्या मुंबईच्या कंपनीने त्याला घरी काम करायला काँप्युटर दिला. माझ्यापेक्षा नवा. वर आणखी प्रिंटर. नाना बघायला गेले. साडूने त्यांचं नाव छापून कागद हातात दिला. नानांनी तो चार घड्या घालून खिशात ठेवला. हे मी खिडकीतून पाहिलं. त्या दिवशीची आमटी मला कडू लागली आणि बायको म्हणाली, "मीठ बरोबर आहे, तोंड तुमचं बिघडलंय."

त्याच साली नानांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. बाकी कशाची हौस त्यांना नव्हती. "माझी सगळी पोरं एकदा डोळ्यांखालून जाऊ देत," एवढंच म्हणायचे. पोरं म्हणजे विद्यार्थी. त्यांतली काही आता आजोबा झालेली. त्यांना निमंत्रणं धाडायची म्हणून पत्ते गोळा करून नाना आले ते थेट माझ्याकडे. साडूकडे नव्हे, माझ्याकडे! मी संध्याकाळचं फिरणं सोडलं, गप्पा सोडल्या आणि ते सगळे पत्ते काँप्युटरमध्ये भरले. आता शाबासकी कुठे जात नाही, असं मी मनात धरूनच चाललो.

पत्ते झाले तयार. छापणार कशावर? प्रिंटर साडूकडे.

फ्लॉपीत भरून द्यावेत तर माझी फ्लॉपी पापडाएवढी आणि त्याच्या मशीनला लागणारी बिस्किटाएवढी. पापड बिस्किटाच्या डब्यात जाईना.

बायको म्हणाली, "अहो, तो प्रिंटर उचला आणि इकडे आणा की दोन दिवस."

साडू खिडकीपलीकडून म्हणाला, "कंपनीची वस्तू आहे. घरातून हलवता येत नाही. तुमचं मशीन आणा ना इकडे."

माझं मशीन? मानाच्या जावयाच्या दारात, हमालासारखं डोक्यावर घेऊन? "त्याला हलवलेलं चालत नाही," मी म्हणालो.

"मागच्या आठवड्यात तुम्हीच हलवून त्याच्याखाली झाडून घेतलंत," बायको म्हणाली.

मग ठरलं की खिडकीतून वायर टाकायची आणि पत्ते एका मशीनमधून दुसऱ्यात पाठवायचे. तीन तारांची वायर. प्रत्येक मशीनची एक तार बोलायची, एक ऐकायची, तिसरी दोघांची सामाईक. आम्ही दोघांनी आपापल्या टोकाला रंग बघून तारा जोडल्या. लाल तिकडे लाल इकडे, पिवळी तिकडे पिवळी इकडे. मी पाठवायचा हुकूम दिला.

"आलं का?"

"नाय आलं," साडू म्हणाला. चिडला की तो असा गावाकडचा बोलायचा. "तुमचंच मशीन बोलत नसंल."

"बोलतंय! तुमचं बहिरं आहे."

दोन दिवस आम्ही एवढंच केलं. नाना रोज सकाळी येऊन विचारायचे, "गेली का पत्रं?" साडू माझ्या घराकडे बोट दाखवायचा, मी त्याच्या.

मग चौकला एका ढाब्यावर मला एक ओळखीचा इंजिनीअर भेटला. त्याला सगळं सांगितलं. तो हसायलाच लागला. "अहो, दोन्ही मशीनं एकाच तारेवर बोलतायत आणि दुसऱ्या एकाच तारेवर कान लावून बसलीयत. एका टोकाला लाल-पिवळीची अदलाबदल करा. झालं."

मी साडूला हे सांगायला हवं होतं, असं कोणाही शहाण्या माणसाला वाटेल. मला वाटलं नाही. बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून सोल्डर मारायची गन मागून आणली, दार लावून घेतलं आणि आपल्या टोकाची लाल-पिवळी बदलली. आता हुकूम द्यायचा, पत्ते पलीकडे जाऊन पडणार, आणि मी नानांसमोर सहज म्हणणार, "थोडी डोकेफोड करावी लागली, एवढंच."

हुकूम दिला.

"आलं का?"

"नाय," साडू म्हणाला. त्याचा आवाज माझ्याहून जास्त निराश होता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण मी इंजिनीअरला शिव्या देण्यात गुंतलो होतो.

दुसऱ्या दिवशी गन परत द्यायला गेलो. दुकानदाराच्या पोटात काही राहत नसे.

"आवो, तुमच्या घरात रेडिओचा कारखाना काढलाय का काय? ही तुमी नेली, दुसरी तुमच्या साडूंनी नेलती. कालच."

"कशाला?"

"मला काय ठावं? दोन तारा उलट-सुलट करायच्यात म्हनले. हापिसात कुनी सांगितलं व्हतं त्यांना. बायकोला सुदिक बोलू नका म्हनले."

म्हणजे त्यानेही बदलल्या, मीही बदलल्या. दोन उलट्यांचं पुन्हा सुलट झालं होतं.

रस्त्यात उभा राहून मी विचार केला. मी माझ्या तारा पूर्ववत केल्या तर वायर चालणार. पण कोणाच्या करामतीने? त्याच्या! तो म्हणणार, "मी दुरुस्त केली." छे. त्यानेच आपल्या तारा सोडाव्यात म्हणून मी त्याला आडून सुचवत राहिलो. "काय हो, जोडणी जशी पहिल्यांदा केली तशीच बरी होती, नाही?"

"अगदी बरी होती," तो म्हणाला. "तुमच्या टोकालाही तशीच आहे ना?"

आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. त्या दुकानदाराने त्यालाही सगळं सांगितलं होतं, हे मला पुढे कळलं.

असे आणखी काही दिवस गेले. मग रविवारी दुपारी आमच्या ओटीवर येऊन बघतो तर नाना मांडी घालून बसलेले. पुढे कोऱ्या पाकिटांचा ढीग, आणि ते हाताने पत्ते लिहितायत. अक्षर पूर्वी मोत्यासारखं होतं. आता एकेका अक्षरापाशी हात थांबत होता. एक पाकीट फुकट गेलं, ते त्यांनी बाजूला सारलं आणि दुसरं घेतलं. मला म्हणाले, "तुमचं चालू द्या. मी आपला कडावपासून सुरुवात करतो."

मी आत गेलो आणि तारा पूर्ववत केल्या. गन परत दिलेली, म्हणून नुसत्या पिळल्या आणि वरून चिकटपट्टी लावली. घेऊ दे साडूला शाबासकी. जीव जळत होता, पण केलं.

हुकूम दिला.

"आलं का?"

मग खिडकीत साडूचं तोंड दिसलं, घामेजलेलं.

"तुम्ही काही बदललंत?" त्याने विचारलं.

"तुम्ही?"

"मी आत्ताच मूळचं केलं. ओटीवर नानांना बघितलं आणि म्हटलं, जाऊ दे, तुमचं नाव होऊ दे."

"अहो, मी पण आत्ताच मूळचं केलं!"

पलीकडून माझी मेहुणी ओरडली, "जन्मात एकदा दोघांना शहाणपण सुचलं, तेही एकाच वेळी!"

मग नवं भांडण निघालं. तो म्हणाला, "तुम्ही बदला, तुम्ही वयाने मोठे." मी म्हणालो, "तुम्ही बदला, तुम्ही मानाचे जावई." त्याचा मोठेपणा मला बघवेना. आपण हरलो तरी चालेल, पण हा उदार ठरता कामा नये, असं मला वाटत होतं. त्यालाही बहुधा तेच. शेवटी तो म्हणाला, "पत्ते तुमचे आहेत. तुमचंच टोक बदला."

"बदलतो. पण तुम्ही वायरीला हात लावायचा नाही. दोन्ही हात वर, खिडकीत, मला दिसतील असे."

कंपनीतला एवढा साहेब माणूस, पकडलेल्या चोरासारखा दोन्ही हात वर करून खिडकीत उभा राहिला. त्याची बायको हसून हसून जमिनीवर बसली. मी लाल काढली, पिवळी लावली, हुकूम दिला.

"आलं!" साडू हात वरच ठेवून ओरडला. "कडाव आलं! चौक आलं! आवो, ठाकुरवाडी पण आली!"

त्याने प्रिंटर सुरू केला. त्याची करकर ऐकून नाना पाकिटं तशीच टाकून उठले आणि मागच्या पडवीतून साडूकडे गेले. मीही मागोमाग. सांगायचं ठरवूनच गेलो होतो की पत्ते मी भरले, तारही माझ्याच टोकाला दुरुस्त झाली. साडूच्या ओठांवरही काहीतरी होतंच. प्रिंटर त्याचा होता ना.

नाना प्रिंटरपुढे वाकून उभे राहिले. एकेक पत्ता वर सरकत होता आणि ते मोठ्याने वाचत होते. हा पाढ्यात कच्चा होता, हा पळून जायचा, हा फार गुणी. डोळ्यांत पाणी आलं होतं. कागद संपला तेव्हा ते सरळ झाले. आम्ही दोघंही नकळत अर्धं पाऊल पुढे आलो.

नानांनी हात पुढे केला आणि प्रिंटरच्या पाठीवर थोपटलं.

"शाबास!"

एवढी वर्षं वाट पाहिलेला तो शब्द एका डब्याला गेला, आणि तोही साडूच्या कंपनीचा. मला काय वाटलं ते सांगत नाही. पण मी साडूकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा पडला होता की बघत राहावा. म्हणजे यालाही कधी मिळाली नव्हती तर! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो माणूस मला आपला वाटला. मी त्याला म्हणालो, "चला, चहा घ्यायला आमच्याकडे या." आणि दारातून आधी त्याला जाऊ दिलं.