रुक्याबद्दल मी बोललेलं खोटं

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि सुटीच्या वेळात साप पकडतो. अमरावती-बडनेरा भागात कुणाच्या घरी साप निघाला की मला फोन येतो. लोक सर्पमित्र म्हणतात, चहा पाजतात, फोटो काढतात. हे सगळं मला आवडायचं. जरा जास्तच आवडायचं.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी बडनेऱ्याहून फोन आला. रेल्वेतून निवृत्त होऊन वारलेल्या एका माणसाचं घर. तिथे त्याची बायको, मुलगा आणि सून राहत. अंगणातल्या कडुनिंबावर साप होता आणि खाली अर्धी गल्ली जमली होती. पाहताक्षणी ओळखला. रुका. बोटाएवढा जाड, पाठ तांब्याच्या तारेसारखी, डोळे मोठे गोल. हा दिवसा हिंडतो, सरडे, पाली, बेडूक खातो, या फांदीवरून त्या फांदीवर सरळ उडी घेतो. घाबरला की मान फुगवतो; मग खवल्यांमधली निळी कातडी दिसते आणि लोकांना ते विषच वाटतं. वास्तविक या जिवात विषाचा थेंब नाही.

त्या माणसाच्या पत्नी, म्हणजे मावशी, ओट्यावर सुपात भाजी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "सर, राहू द्या ना त्याले. चार वर्सं झाले मी पाहून राहिली. सरडे खाते अन् वर जाते. कोणाले काई करत नाई."

त्यांचा शब्दन् शब्द खरा होता. "बरोबर आहे मावशी," एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण शेजारच्या माणसानं मोबाइल समोर धरला आणि विचारलं, "सर, हा उडता साप ना? टाळूवर डसते म्हणतात?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "लय घातकी आहे. मागे सरका. मावशी, तुम्हाला यातलं कळत नाही, तुम्ही आत जा."

मावशी सूप घेऊन आत गेल्या. मी शिडीवर चढलो, कॅमेऱ्याकडे तोंड करून साप धरला, बरणीत घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी त्याला पोहऱ्याच्या जंगलात सोडलं. घरी येऊन तो व्हिडिओ मी चारदा पाहिला.

पुढच्या पावसाळ्यात मावशींच्या मुलाचा फोन आला. "सर, पुन्हा निघाला होता, पण आता काम झालं. येऊन पाहून घ्या."

अंगणात उजेडच उजेड होता. निंब तोडलेला. ओंडक्याजवळ रुका पडला होता, डोकं ठेचलेलं. खोडाच्या ढोलीत लांबट पांढरी अंडी होती, त्यातली बरीचशी कुऱ्हाडीनं फुटलेली. मादी होती ती.

"कावून मारलं?" मी ओरडलोच.

मुलगा गोंधळला. "तुमीच तर सांगतलं होतं सर, घातकी हाये म्हून. घरात लेकरू हाये आता."

मावशी दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "मावशी, मी खोटं बोललो होतो. हा साप बिनविषारी आहे."

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "पण तुमी सर. तुमच्यापुढं माह्यं कोण आयकते?"

मग मी शेजाऱ्यांना बोलावून सगळं खरं सांगितलं. मोबाइलवाला हसला. "तवा बी तुमीच सांगून राहिले होते, आता बी तुमीच. कोनतं खरं धरावं?" व्हिडिओ काढून टाक, अशी मी त्याला विनवणी केली. त्यानं काढलाही. पण तोवर तो कुठल्या कुठे गेला होता.

मागच्या महिन्यात अकोल्याला बहिणीकडे गेलो, तर तिनं कौतुकानं फोन पुढे केला. "दादा, पाय ना, आमच्या ग्रुपवर आला. किती जहरी साप धरला तू!"

मी तिलाही सांगितलं, सुरुवातीपासून, मावशींना आत पाठवलं तेही. मग तिनं फोन उलटा ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या बाईची माफी मागितली का तू?"

खोटं बोललो हे मी मावशींना सांगितलं होतं. माफी मागितली नव्हती.