मळखाऊ पोलकी

लग्नानंतर चारेक वर्षांनी मला गोरगरिबांचं भलं करण्याची उबळ आली. घरात शिवणाचं मशीन होतं आणि डोक्यात, आता कळतं, फारसं काही नव्हतं. मंडईत बसणाऱ्या, घरोघरी भांडी घासणाऱ्या बायकांना शिंप्याकडे खेटे घालायला सवड कुठली? त्यांच्यासाठी तयार पोलकी शिवायची. पाटल्या मोडून मी दुसरं मशीन आणि कापड आणलं.

"दिवाळीपर्यंत बघू," हे पेपराआडून म्हणाले. "नाहीतर दोन्ही मशीनं विकून टाकू."

कापड निवडताना मी भारीच अक्कल चालवली. कष्टाची कामं, म्हणजे रंग मळखाऊ हवा. शेवाळी, राखाडी, मातकट. नारायण पेठेतल्या आमच्या पुढच्या खोलीत ती पोलकी दोरीवर टांगली की घरात सुतक असल्यासारखं वाटे. पितृपक्ष आला तरी चारच खपली. त्यातली दोन आमच्या भांडीवाल्या बाईंनी भिडेखातर घेतली होती. मला एका जागी बसवेना. दारात जायचं, रस्ता बघायचा, परत येऊन घड्या मोडायच्या, पुन्हा घालायच्या.

शेवटी टोपली घेऊन मंडईत गेले. मेथी विकणाऱ्या एका बाईंनी पोलकं उलटसुलट करून पाहिलं.

"तुमी घालाल का ह्यातलं?"

"मला बाहेर जावं लागतं," मी म्हणाले. हे उत्तर आठवलं की अजून कान गरम होतात.

"अन् मी काय घरात बसलीय? दिवसभर माती बघायची, अंगावर बी मातीच घालू व्हय? लाल आणा. धर्माचं नको, दोन पैसं तुमी बी मिळवा. पर रंग जाता कामा न्हाई. चांगलं लुगडं एकच हाय माझं."

लाल आणलं. पहिल्याच दिवशी मंडईत सहा गेली. मी हवेत. दोन दिवसांनी आठवलं, कापड भिजवून बघायचं राहिलंच. दुकानदार "पक्का रंग" म्हणाला आणि मी मान डोलावली होती. उरलेलं एक बादलीत टाकलं. पाणी लालभडक. दुसऱ्या धुण्यालाही, तिसऱ्यालाही.

हे मोरीत डोकावले. "पोलकी विकतेस की रंग?"

सहाच तर आहेत, कुणाला कळणार, असं स्वतःला समजावत मी घरभर येरझाऱ्या घातल्या. मग त्या एकुलत्या एक लुगड्याचं आठवलं आणि चपला घातल्या.

पाच परत मिळाली. मेथीवाल्या बाईंनी मात्र दिलं नाही.

"धुतलं का तुम्ही?"

"न्हाई. भावाकडं बारसं हाय, तवा घालायचं म्हणून ठिवलंय."

"घालू नका. रंग जातो. बारशाआधी दुसरं आणून देते."

"आणा. तवर हे ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. तुमचा काय भरवसा?"

दुसरं कापड मी पाच वेळा धुतलं, मगच कात्री लावली. बारशाच्या आदल्या दिवशी नवं पोलकं त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते भाजीवर शिंपडायच्या पाण्याच्या बादलीत बुडवलं, करकचून पिळलं आणि पाण्याकडे बघत राहिल्या. मीही बघत होते. पाण्यात मेथीची दोन पानं तेवढी तरंगत होती.

पोत्याखालून जुनं पोलकं काढून त्यांनी माझ्या टोपलीत टाकलं.

"आता हिरवं शिवा," त्या म्हणाल्या. "अन् दोन आणा. जावंला बी पायजे."