चुलीची राख

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते खर्डीच्या आमच्या शेजारच्या मावशींचे. आई अंडी विकून मला कॉलेजात शिकवत होती, आणि नेमक्या तेव्हाच तिच्या कोंबड्यांना उवा झाल्या. मावशींनी आमच्या पडवीत खड्डा केला. त्यात कोरडी माती, कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि स्वतःच्या चुलीची सगळी राख ओतली.

“लोळा गो, लाजू नका,” असं त्या कोंबड्यांना म्हणाल्या.

महिनाभर त्यांनी स्वतःची भांडी नुसत्या मातीने घासली. आईला वाईट वाटलं, तर म्हणाल्या, “भांड्यांना उवा नाय होत.”

पदवी घेऊन मी मुरबाडकडे एका पोल्ट्रीत लागलो. तिथून पहिलं पत्र मावशींना लिहिलं: “इथल्या कोंबड्यांना उवा झाल्यात. साहेबांनी माझी पदवी कशातली ते पुन्हा विचारलं. खड्डा मी केलाय, पण इथं सगळ्यांकडे गॅस आहे. राख पाठवा.”