न पडणाऱ्या सर्व्हरची बाई

रुग्णालयाच्या तळघरात दोघांची टेबलं शेजारीशेजारी होती. ती रक्तपेढीचा डेटाबेस सांभाळायची, तो शस्त्रक्रियांच्या नोंदींचा. दोन्ही रात्रंदिवस चालू राहायला हवेत, मिनिटभरही बंद पडून चालायचं नाही.

तिची एक रीत होती. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, भर दुपारी, ती मुख्य सर्व्हर स्वतःच्या हाताने बंद करी आणि सगळं काम जोडीच्या सर्व्हरवर नेई. पुढेमागे तो खरंच पडला तर दुसरा उभा राहतो की नाही, हे आधीच कळलेलं बरं. चार वर्षांत वरच्या मजल्यांवर कुणाला पत्ताही लागला नाही. शेजाऱ्याचा सर्व्हर मात्र वर्षात दोनदा कोसळला. त्याने घाम गाळून तो उभा केला आणि दोन्ही वेळा पुष्पगुच्छ घेतला. सगळे त्याला 'तारणहार' म्हणू लागले. तिच्या पोटात दुखायचं. आईला फोनवर सांगितलं, तर आईने विचारलं, वेळेवर जेवतेस ना?

आता विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. साहेब शुक्रवारी दोघांतून एकाला निवडणार होते.

बुधवारी भिंतीवरच्या सामाईक पडद्यावर तिला दिसलं, तारणहाराच्या जोडीच्या सर्व्हरवर, जिथे प्रत्येक नोंदीची प्रत जायला हवी, सहा दिवसांत एकही नोंद पोचलेली नव्हती. मुख्य सर्व्हर गेला असता, तर सहा दिवसांच्या शस्त्रक्रियांचा मागमूस उरला नसता.

पडू दे मेला, असं तिच्या मनात आलं. मग आलं, पडला की हा पुन्हा बाह्या सरसावणार, पुन्हा टाळ्या. रुग्णांचा विचार त्यानंतर आला, आणि तिची तिलाच लाज वाटली. ती उठली.

"तुझी जोडीची प्रत सहा दिवसांपूर्वीच थांबलीय."

"मुख्य ठणठणीत आहे ना, ताई. पडला की बघू."

"पडू द्यायचाच नाहीये मला तो. सरक."

दुपारपर्यंत राहिलेल्या नोंदी पोचल्या. मग तिने त्याला त्याचा मुख्य सर्व्हर बंद करायला लावला. जोडीचा लगेच उभा राहिला. वर कुणाला काही कळलं नाही.

शुक्रवारी साहेबांनी अहवालातला सहा दिवसांचा खंड दाखवून विचारलं, हे पकडलं कुणी? हा आता बाजी मारणार म्हणून तिने दात आवळले.

"ताईने," तो सहज म्हणाला. "मला तर पत्ताच नव्हता."

जागा तिला मिळाली. त्याने मनापासून अभिनंदन केलं, तिनेही हसून मान डोलावली. पण त्याच्या जागी आपण असतो तर असं बोललो असतो का, हा प्रश्न तिला काही सुचू देईना. आजवर ती त्याच्या कौतुकावर जळत होती. आता त्याच्या मोकळ्या मनाचाही हेवा वाटू लागला.