रांगेतली रिकामी जागा

लेकीच्या गोधडीला काही केल्या नक्षी सुचेना, म्हणून वैतागून गच्चीवर गेले. शेजारच्या शैलावहिनी वाळलेल्या कुरडया गोळा करत होत्या. खाली अंथरलेल्या जुन्या निळ्या साडीवर प्रत्येक कुरडईचा पांढरा, वेटोळ्यांचा ठसा उरला होता. मी घरात बसून फुलं-वेली गिरवत होते आणि नक्षी इथे उन्हात पडली होती!

“वहिनी, ही साडी मला द्या.”

“थांबा, धुऊन देते.”

“छे, धुऊ नका!”

एका रांगेत मधेच जागा रिकामी दिसली. विचारलं, तर त्या हसल्या. “ती मी ओलीच खाल्ली. राहवलं नाही.”

साडी गोधडीवर लावून मी ठशाठशावरून पांढऱ्या दोऱ्याने टाके घातले. रिकामी जागा तशीच ठेवली. मग गोधडी धुतली. चिकाचे डाग गेले, वेटोळी राहिली. रोजच्या कामाखाली असं काय काय उमटत असेल. आपण झटकून घडी घालतो.

लेकीने गोधडी उलगडली, सावकाश हात फिरवला. तिचं बोट रिकाम्या जागेवर थांबलं.

“आई, इथली कुणी खाल्ली गं?”