सुभेदाराचा श्रावण

बाळापूरच्या बाजारात गोवर्धनभौच्या दुकानावर अर्धा किलो वांगे घ्याले गेलं, की वांग्यासंगं त्याची बहीण बी पिशवीत पडते. म्हणजे बहिणीची गोष्ट.

"वांगं दाबून काय पाह्यता? ज्याची बहीण डॉक्टर हाये, त्याच्या वांग्यात किडा निंघन का?" असं म्हणत तो काट्यावर चार वांगे टाकते, अन् पाचवं टाकेपर्यंत त्याची दीपमाला अकोल्याच्या कॉलेजात पयल्या नंबरानं पास झालेली असते. गिऱ्हाइकानं चुकून इचारलं, "कायची डॉक्टर?" तं गोवर्धनभौ जरासा खाकरते, खांद्यावरचा दुपट्टा झटकते.

"कुत्र्या-मांजराची. माणसाचं डॉक्टर होनं काय मोठी गोष्ट हाये? माणूस सोताच सांगते, अथी दुखते म्हून. कुत्रं सांगते का? पाहूनच समजा लागते!"

त्याचं सोताचं शिक्षण दहावीच्या इंग्रजीनं अडवलं ते अडवलंच. पण बहिणीच्या एकेका पेपराले तोच मोटारसायकलवर अकोल्याले घेऊन गेला, अन् पेपर होईपर्यंत कॉलेजच्या गेटापुढं लिंबाखाली बसून राहिला. म्हणून त्या डिग्रीत निम्मा हिस्सा आपला, असं त्याचं मत. अन् खरं सांगाचं तं ते मत काही चुकीचं नाई. अख्ख्या तालुक्यात असा भाऊ दाखवा एक.

दुकान बाळापुरात, पण घर जवळच्याच गावात. अशा माणसाच्या घरचं कुत्रं कसं असन? त्याचं नावच सुभेदार. अर्धा लॅब्राडोर अन् अर्धा बाळापूरचा. दीपमालाच्या अकोल्यातल्या दवाखान्यापुढं कोनीतरी खोक्यात सोडून गेल्तं, तिनं ते पिल्लू दादाच्या मांडीवर आणून ठेवलं. पोरगा अंकुर नोकरीसाठी पुण्याले गेल्यापासून घर कसं निरा सुनं झाल्तं, ते सुभेदारानं भरून काढलं. शेपटीनं बी अन् आंगानं बी.

सुभेदाराचे लसीचे इंजेक्शन येळेवर, जंताचं औषध येळेवर, गोचिडाचं औषध येळेवर. त्यात गोवर्धनभौ हयगय करत नसे. लस टोचली का सुभेदाराचा फोटो गावाच्या ग्रुपवर पडे, अन् खाली लिहिलेलं राहे, "डॉक्टरच्या भावाचं कुत्रं." खायाचं मात्र डॉक्टरच्या हातात नव्हतं. सकाळी घरची दूध-पोळी, मंग रामरावच्या चहाच्या टपरीवर बिस्किटं, मंग पार्बतामायची भाकर, दुपारी शाळेपुढं खिचडी, अन् संध्याकाळी पुन्हा घर. कोनी म्हणलं, "गोवर्धनभौ, कुत्रं जरा जास्तच भरलं", तं तो म्हणे, "खात्यापित्या घरचं हाये. हाडकं दिसले तं लोकं काय म्हनतीन, डॉक्टरच्या भावाच्या घरी खायाले नाई?"

आषाढ सरता सरता दीपमाला घरी आली. सुभेदार उठाले गेला, मागचे दोन्ही पाय नव्या टाइल्सवर सर्रकन घसरले, अन् तो होता तिथंच बसला. शेपटी तेवढी फटफट करून राहिला.

"आळशी झाला बदमाश," गोवर्धनभौ म्हणाला.

दीपमालानं ना बॅग उघडली ना गोळी काढली. खाली बसली, त्याच्या पाठीवरून, पोटावरून, मांड्यांवरून हात फिरवला. "दादा, याच्या बरगड्या कुठी हायेत?"

"असतीन आतमंधी. बरगड्या का लोकायले दाखवाले असतात?"

"दाखवाले नाई, पन हाताले लागाले पायजे. काय खाते हा?"

"आपलं साधंच."

चुलीपाशी शकुनवयनी होती. गोवर्धनभौची बायको, एरवी कमी बोलते, पण संधी वाया जाऊ देत नाई. "हाव, साधंच. पोयीवर तूप टाकलं का पोयी साधीच होते. गुळाचा खडा बी साधाच."

मंग दीपमालानं असे सवाल केले का गोवर्धनभौले वाटलं, पोलीस चौकीत बसलो. झोपते कुठी? फिरते किती? दात कोन पाह्यते? घरी एकटा किती येळ राह्यते? टाइल्स कधी बसवल्या? शेवटी ती म्हणाली, "दादा, दुखनं त्याच्या पायात हाये, पन बिमारी साऱ्या घरात हाये. नुसती गोळी देऊन जाऊ का? चार दिवस बरं वाटन, मंग पुन्हा तेच. वजनानं कंबरेचे सांधे घासून राहिले त्याचे. या टाइल्सवर पोते आंथर. रोज सकाळी हळूहळू फिरव. अन् खानं दोन येळ, मी सांगतो तेवढंच."

"टाइल्सवर पोते?" गोवर्धनभौले पायापेक्षा टाइल्सचंच जास्त लागलं.

"पोते. अन् ऐक, भाजीच्या काट्यावर त्याचं आजचं वजन करून लिहून घेतो, पोळ्याले मी येतोच. तोपर्यंत वजन उतरलं नाई, तं मी सुभेदाराले अकोल्याले घेऊन जाईन. बारीक होईपर्यंत माह्याकडंच राहीन तो."

गोवर्धनभौ हसला, पण ते हसू काही बसलं नाई. कारण अख्ख्या गावात त्याची गोष्ट पहिल्यापासून शेवटापर्यंत, मधात न टोकता, ऐकणारं एकच जण होतं, अन् ते आत्ता टाइल्सवर पसरलं होतं. तेही अकोल्याले गेलं, तं सांगाचं कोनाले? शकुनले? ती तं दुसऱ्याच वाक्याले "माहीत हाये" म्हणे.

दुसऱ्या दिवशीपासून गोवर्धनभौ कामाले लागला. घरात कोनतीही गोष्ट करते, तं अशी करते का पाहणाऱ्यानं पाहत राहावं. पोते धुवून आंथरले. वाटी ठरवली. सकाळी सुभेदाराले घेऊन वावरापर्यंत फिरून आला. सवाल गावाचा होता. रामरावच्या टपरीपुढून जाताना रामरावनं सवयीनं पुडा फोडला.

"नको, रामरावभौ. आजपासून नाई."

"काहून? बिमार हाये का?"

आता इथं दुसरा माणूस खरं बोलून मोकळा झाला असता. पण 'डॉक्टरच्या भावाचं कुत्रं बिमार हाये' हे शब्द गोवर्धनभौच्या तोंडातून निंघनं म्हणजे त्याच्या वांग्यात किडा निंघनं. श्रावण लागलेला होता, समोर महादेवाचं देऊळ होतं, अन् तोंड त्याचं उघडलेलंच होतं.

"बिमार? सुभेदार अन् बिमार? उपास हाये त्याचा. श्रावण धरला त्यानं."

रामरावचं बिस्किट हातात राहिलं. "कुत्र्यानं?"

"अरे, कालपासून पोयीकडं पाहत नाई. देवळापुढं गेला, बसला, उठेचना. मी म्हनलं, घ्या! माणसायनं सोडलं, यानं धरलं."

बसला होता हे खरं होतं. उठता येत नव्हतं हे सांगाचं राहून गेलं, एवढंच.

चहा थंडा होईपर्यंत गोष्ट गावभर झाली. लोकं सुभेदाराकडं वेगळ्याच नजरेनं पाहाले लागले. बायका नवऱ्याले म्हणाल्या, "पाहा, मुकं जनावर श्रावण पायते, अन् तुमी सोमवारी बी बाळापूरले जाऊन अंडे खाता." बिस्किटाचा पुडा बंद झाला, भाकर बंद झाली. भरल्या उपासाच्या तोंडात भाकर कोन टाकन? एवढं पाप घ्याले कोनी तयार नव्हतं.

गोवर्धनभौ मनात खूश. डॉक्टरनं गोळी देऊन जे झालं नसतं, ते त्यानं एका वाक्यात केलं. सुभेदार बी खूश दिसे. दुपारी एक चक्कर गावात मारून येई अन् ओठ चाटत पोत्यावर पडे. पण दिवस जाऊन राहिले, अन् सुभेदाराचं पोट काही मागं सरकेना. उलट सकाळच्या फिरण्यात तो चिंचेपाशीच बसकण मारी.

"हवा धरली असन अंगात," गोवर्धनभौ म्हणे.

"हवेले वजन असते का?" शकुन इचारे.

पोळ्याच्या सकाळी दीपमाला आली. गोवर्धनभौचे बैल धुवून, शिंगं रंगवून दाराशी उभे होते. भाजीची पोती मोजाचा काटा अंगणात आणला, त्याच्यावर सुभेदाराले चढवला. आकडा स्थिर झाला. दीपमालानं पाहिला, पुन्हा पाहिला.

"दादा, चार किलो."

"उतरले ना? म्हनलं होतं मी!"

"चढले."

गोवर्धनभौनं काट्याले लाथ मारून पाहिली. काटा बरोबर होता. त्याच काट्यावर तो गिऱ्हाइकाले शपथ घेऊन माल देते. तेवढ्यात फाटकातून पार्बतामाय आली. सत्तरी ओलांडलेली, हातात काठी, दुसऱ्या हातात झाकलेलं ताट.

"सुभेदार आज आला नाई वं घरी, म्हून म्याच आली घेऊन. आज उपास सुटते ना त्याचा?"

"कायचं हाये माय त्यात?" दीपमालानं इचारलं.

"उसय. साबुदान्याची. शेंगदाने बम टाकले, त्याले आवडते. रोज येते बिचारा. उपाशी जीव, भाकर तं देता येत नाई, मंग काय उपाशीच ठेवू का? माह्या घरी उसय, रामरावकडं बटाट्याचा कीस, शेजारच्या सुभद्राच्या घरी भगर. खाते बापा समद्यायच्या घरी. मन ठेवते."

गोवर्धनभौ बैलाच्या गळ्यातली घुंगरं नीट कराले लागला.

"अन् राजगिऱ्याचे लाडू कोन देत होतं सोमवारी?" शकुन भिंतीकडं पाहत म्हणाली.

"उपासाचंच तं होतं थे!" गोवर्धनभौच्या तोंडून निंघून गेलं.

दीपमाला हसली नाई, अन् तेच वाईट होतं. तिनं सुभेदाराच्या मागच्या पायाले हात लावला, तसा तो कण्हला. "दादा, हे हसन्यावारी नको नेऊ. अजून असंच चाललं, तं हा उठनारच नाई. पोळा फुटला, बैल घरी परतले, का मी निंघतो. दोर काढून ठेव." अन् तिनंच खुंटीवरचा दोर काढून ओट्यावर ठेवला.

दुपारी बैल घेऊन सारं गाव तोरणाखाली जमलं. पोळ्यात झडत्या म्हणाचा मान गोवर्धनभौचा. झडती म्हणजे बैलापुढं उभं राहून चार ओळी जोरात फेकाच्या, कोनाची टिंगल कराची, अन् साऱ्यायनं शेवटी महादेवाचा जयजयकार कराचा. दरसाल तो सोताच्या वांग्यावर, बैलावर, बहिणीवर झडत्या म्हणे. यंदा तो तोरणाखाली उभा राहिला अन् गप्पच.

"काहून हो गोवर्धनभौ? तुमचा बी उपास हाये का?" रामराव ओरडला.

लोकं हसले. गोवर्धनभौनं मागं पाहिलं. गर्दीच्या कडेले दीपमाला उभी होती, हातात दोर, अन् दोराच्या टोकाले सुभेदार, जमिनीवर बसलेला, शेपटी हलवून राहिला. गोवर्धनभौनं दुपट्टा कसला, छाती भरून घेतली अन् झडती फेकली:

"वाटी वाटी भगर, ताट ताट उसय,
खाऊ खाऊ सुभेदार झाला उखय!
आता जो कोनी त्याले खाऊ घालन,
त्याच्याच खांद्यावर सुभेदार चालन!"

सुभेदाराच्या उखळाएवढ्या पोटाकडं पाहत लोकं हसले, महादेवाचा गजर झाला, तोरण हाललं. पण हसणं ओसरल्यावर रामरावनं इचारलंच, "अन् मंग तो श्रावण?"

"श्रावण-बिवन काई नवता, बापा," गोवर्धनभौचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "पाय गेले त्याचे. कंबर दुखते. डॉक्टरच्या भावाचं कुत्रं बिमार हाये, हे मले सांगवलं नाई. आज दीपी घेऊन चालली त्याले. बस."

मंग पार्बतामाय काठी टेकत पुढं आली. "येड्या, मंग पयलेच सांगाचं ना! आमी का तुह्या कुत्र्याचे दुश्मन हावो? बिमार हाये म्हनलं असतं, तं म्या उसय केली असती का? माह्या बी गुडघ्याले डॉक्टरनं चालाले सांगतलं. एकटीले जाववत नाई. सकाऊन येतो मी, त्याले घेऊन जातो."

"मी पाण्याची वाटी ठेवतो टपरीवर," रामराव म्हणाला. "बिस्किटाचं नाव नाई."

दीपमालानं दोराकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं. "अकोल्यात तं मी एकटीच पाहीन त्याच्याकडं," ती म्हणाली. "अथी अख्खं गाव पाहाले निंघालं. दसऱ्यापर्यंत ठेव, दादा. पन एक बी लाडू..."

"अवं, मीच तं लावलं गावाले कामाले!" गोवर्धनभौची छाती पुन्हा जागेवर आली. "कुत्र्यावर झडती म्हननारा अख्ख्या वऱ्हाडात कोनी हाये का, इचार!"

दुसऱ्या दिवशीपासून सकाळी एक मजा दिसाले लागली. पार्बतामाय अन् सुभेदार, दोघं जोडीनं वावराच्या रस्त्यानं. दोघायची चाल सारखीच. आधी चिंचेपर्यंत, मंग विहिरीपर्यंत, मंग पार वावराच्या धुऱ्यापर्यंत. त्याले बसा वाटलं का ती म्हणे, "ऊठ रे, माह्या गुडघ्याची लाज राख." टपरीवर कोनाचा हात पुड्याकडं गेला, का बाकीचे ओरडत, "खांद्यावर घ्या, खांद्यावर!" हात मागं जाई.

दसऱ्याले दीपमाला फाटकातून आली, तं सुभेदार अंगणात होता. तिले पाहून तो ओट्याच्या पायरीवर चढला. कोनी धरलं नाई, उचललं नाई. एक पाय, मंग दुसरा, मंग मागचे दोन्ही. गोवर्धनभौ दारात उभा होता, त्यानं डोळे पुसले अन् दुपट्ट्याले म्हणाला, धूर फार झाला. चूल इझलेली होती.

आता बाळापूरच्या बाजारात वांगे घ्याले गेलं, तं बहिणीच्या आधी कुत्रं पिशवीत पडते. "बरगड्या हाताले लागतात त्याच्या, मोजून पाहा पायजेन तं!" परवा एका गिऱ्हाइकानं इचारलं, "भौ, तुमचं कुत्रं उपास करत होतं म्हने. सोडला का?"

"सोडला," गोवर्धनभौ काट्यावर वांगं टाकत म्हणाला. "लय जाड होऊन राहिला होता उपासानं. आता जेवते."